‘नको’ एकदाच म्हणा, तक्रार मात्र नक्की करा



आज विषय आहे रोज आपल्या घरात न विचारता शिरणाऱ्या पाहुण्याचा. तो दार वाजवत नाही, फोन वाजवतो. सामायिकाला बसलं की वाजतो, दुपारी जरा पाठ टेकली की वाजतो. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची घाई असते, हात कणकेत असतात, तेव्हा तर हमखास वाजतो. मुलाच्या शाळेतून असेल, सासूबाईंच्या डॉक्टरांचा असेल म्हणून आपण कोपराने कसाबसा उचलतो आणि पलीकडून येतं, “मॅडम, आपल्याला प्री-अप्रूव्हड लोन मिळालंय.” कधी क्रेडिट कार्ड, कधी विमा, कधी कुठल्यातरी गावाबाहेरचा प्लॉट.

आपल्या महिला मंडळात हा विषय निघाला की मला दोन प्रकारच्या बायका दिसतात. एक प्रकार तापणाऱ्यांचा. “कुठून मिळाला माझा नंबर? लाज वाटत नाही का?” असं सुरू होतं आणि फोन ठेवल्यावरही पुढचा अर्धा तास त्याच तारेत जातो. भाजी करपते, मुलांवर विनाकारण आवाज चढतो. दुसरा प्रकार भिडस्त बायकांचा. त्यांना फोन कापणं असभ्यपणाचं वाटतं. त्या सगळं ऐकून घेतात, हं हं करतात आणि शेवटी म्हणतात, “आत्ता जरा कामात आहे, नंतर करा ना.”

माझं मत असं आहे की हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि त्यातला भिडेचा मार्ग जास्त चुकीचा आहे.

माझी एक भाची काही वर्षं कॉल सेंटरमध्ये होती. तिने सांगितलेली गोष्ट माझ्या कायमची लक्षात राहिली. ती म्हणाली, “मावशी, नंबर आम्ही लावतच नाही, कॉम्प्युटर लावतो. एक फोन संपला की दुसरा कानात येतोच. समोरच्याने ‘नको’ म्हटलं की आम्ही तसं नोंदवतो. ‘नंतर करा’ म्हटलं की तो नंबर पुन्हा यादीत जातो.” म्हणजे आपण ज्याला सौजन्य समजतो, ते त्यांच्या यादीत पुढच्या फोनचं आमंत्रण होऊन बसतं. आज टळलेला फोन परवा येतो, तेरवा येतो. मग आठव्या दिवशी तीच भिडस्त बाई तापते आणि जिला आधी ‘नंतर करा’ म्हटलं होतं तिच्याऐवजी भलत्याच मुलीवर ओरडते.

तिसरा एक प्रकार आहे आणि तो सांगायला मला जरा संकोच वाटतो, कारण तो खूप घरांत चालतो. “मॅडम घरी नाहीत, मी कामवाली बोलतेय.” “ते गावाला गेलेत.” “या नंबरवर असं कोणी राहत नाही.” हसून सोडून देतो आपण. पण शेजारी बसलेलं आठ वर्षांचं पोर हे ऐकत असतं. पाठशाळेत त्याला सत्य अणुव्रत शिकवायचं आणि घरी फोनवर हे दाखवायचं, तर ते पोर काय शिकेल? विकणाऱ्याला टाळायला खोटं बोलायची गरजच नाही. “मला नको आहे” हे पूर्ण खरं वाक्य आपल्याजवळ आहे.

बोलावं कसं, हे आपल्याला लहानपणापासून तीन शब्दांत शिकवलेलं आहे: हित, मित आणि प्रिय. भाषा समिती साधूंसाठी, पण श्रावक-श्राविकांनीही ती जमेल तेवढी पाळायचीच असते. गंमत अशी की आपण बायकांनी त्यातला ‘प्रिय’ तेवढा घट्ट धरून ठेवलाय. गोड बोलायचं, कुणाला दुखवायचं नाही. ‘मित’ म्हणजे मोजकं, ते मात्र आपण विसरतो. या फोनच्या बाबतीत सगळ्यात उपयोगाचा शब्द तोच आहे. “नमस्कार. मला हे नको आहे. कृपया पुन्हा फोन करू नका.” एवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा. आवाज चढवायचा नाही, कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावरचं उत्तर त्यांच्याकडे छापील तयार असतं. “कर्ज नको” म्हटलं की “टॉप-अप घ्या”, “पैसे नाहीत” म्हटलं की “हप्त्याने द्या”. उत्तर देणं हे त्या मुलीचं कामच आहे, म्हणून तिला प्रश्न शिल्लक ठेवू नका. मोजकं बोलण्यात तिचंही हित आहे. जिथे विक्री होणार नाही तिथे तिची पाच मिनिटं आपण का खर्च करायची? तिला दिवसाचं टार्गेट असतं.

हल्ली व्हॉट्सॲपवर एक टूम फिरते. अशा लोकांना मुद्दाम बोलण्यात गुंतवा, चुकीची माहिती द्या, त्यांचा वेळ फुकट घालवा आणि मजा बघा. मला ही मजा पटत नाही. विनाकारण कुणाला त्रास देणं म्हणजे अनर्थदंडच. शिवाय त्या खुर्चीत बसलेली मुलगी किंवा मुलगा बहुतेक वेळा पहिल्याच नोकरीवर असतो, आपल्याच घरातल्या मुलांच्या वयाचा. फोन कुणाला लावायचा, किती वेळा लावायचा, हे त्याने ठरवलेलं नसतं. ज्याने ठरवलंय तो मालक आपला आवाज कधीच ऐकत नाही.

आपला राग त्या मालकापर्यंत पोचतच नाही. आपण कितीही ओरडलो तरी त्याचं काही जात नाही. त्याच्यापर्यंत पोचते ती नोंदवलेली तक्रार. म्हणून मी म्हणते, बोलताना सौम्य राहा आणि तक्रार करताना कडक. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट तोंडात राग नसला की नंबर, तारीख, वेळ नीट लिहून घेता येते.

आता तक्रार करायची कशी? हे सगळ्यांना ठाऊक असतं असं आपण धरून चालतो, पण ते तसं नाही.

नको असलेल्या फोनसाठी देशात २००७ पासून नोंदणीची सोय आहे. पुढे २०१८ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, नवे नियम आणले. मोबाइलवरून १९०९ हा नंबर लावा, किंवा त्याच नंबरवर एसएमएस पाठवा. एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहायचं, जागा सोडायची आणि शून्य लिहायचं. झालं तुमचं डीएनडी. सगळंच बंद नको असेल, तर बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य असे विभाग निवडूनही बंद करता येतात.

इथे बऱ्याच जणींना एक भीती असते. “डीएनडी केलं तर बँकेचे ओटीपी यायचे बंद होतील ना?” नाही होत. ओटीपी, खात्यातल्या व्यवहाराचे संदेश, गॅस सिलिंडरच्या बुकिंगचे संदेश हे सगळं येत राहतं. बंद होते ती जाहिरात.

“आम्ही केलंय डीएनडी, तरी फोन येतातच,” हे दुसरं वाक्य. त्याचंही कारण समजून घेण्यासारखं आहे. नियम पाळणाऱ्या कंपन्यांना जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. बँका आणि सरकारी कार्यालयं यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर २०२४ पासून आले. आपल्याला छळतात ते बहुतेक या दोन्हींत नसतात. ते तुमच्या-माझ्यासारख्या साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात, आणि जाहिरातीसाठी तसा नंबर वापरणं हाच नियमभंग आहे. डीएनडीची यादी जो बघतच नाही, त्याला डीएनडी कसं अडवणार? त्याला अडवते तक्रार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक झाले. पूर्वी फोन आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागायची, आता सात दिवसांपर्यंत करता येते. नोंदणी नसलेल्या नंबरवरून फोन आला असेल, तर तुमचं डीएनडी नसलं तरी तक्रार चालते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा दिवसांत एका नंबरविरुद्ध पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते. पहिल्यांदा दोषी ठरला तर पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे फोन बंद होतात. पुन्हा तेच केलं तर वर्षभर सगळ्या कंपन्यांकडची जोडणी तोडली जाते.

फक्त पाच तक्रारी! आपल्या एका मंडळात यापेक्षा जास्त बायका आहेत. पण आपण काय करतो? नंबर ब्लॉक करतो आणि विसरतो. ब्लॉक केल्याने तो आपल्या फोनवरून जातो, शेजारणीच्या फोनवर वाजतच राहतो. म्हणून आधी तक्रार, मग ब्लॉक. १९०९ वर फोन किंवा एसएमएस करा. कुठल्या नंबरवरून आला, कोणत्या तारखेला आला आणि काय विकत होते, एवढंच सांगायचं. ट्रायचं डीएनडी ॲपही आहे. ते घरातल्या मुलांकडून बसवून घ्या.

आता उद्धट बोलणाऱ्यांबद्दल. सगळेच काही गरीब बिचारे नसतात. “नको” म्हटल्यावर “मग फोन उचललाच कशाला?” असं विचारणारे असतात. बाईचा आवाज ऐकून “घरातल्या पुरुषाला द्या, तुम्हाला काय कळणार” म्हणणारे असतात. रागाने मुद्दाम परत परत फोन लावणारेही असतात. अशांना उत्तर देऊ नका. ते वाद घालायलाच बसलेले असतात. आपला मान त्यांच्या तोंडी नाही. फोन ठेवा आणि वेळेसकट लिहून ठेवा. शिवीगाळ, अश्लील बोलणं किंवा धमकी असेल, तर ती जाहिरात उरत नाही, तो गुन्हा होतो. तेव्हा पोलिसांकडे जायला संकोच नको.

कर्जवसुलीवाल्यांचंही तसंच. कुणा नातेवाइकाने कर्ज घेताना आपला नंबर दिलेला असतो आणि धमक्या आपल्याला येतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि त्याच्या घरच्यांना, मित्रांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. हे वाक्य पाठच करून ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या मोठ्यांची. आपल्या सासूबाई, आई, आत्या यांच्या पिढीला कुणाचा शब्द मध्येच तोडणं माहीतच नाही. दुपारी घरात कोणी नसतं, फोनवरचा माणूस “आजी, जेवलात का?” असं प्रेमाने विचारतो. त्या बोलत बसतात, आणि एखादा दिवस असा येतो की पलीकडे विकणारा नसून फसवणारा असतो. “मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका.” यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. आपल्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही, हे पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. ज्या बाईला साध्या क्रेडिट कार्डवाल्याला ‘नको’ म्हणून फोन ठेवता येतो, तिला या माणसाचाही फोन ठेवता येईल. ज्या बाईला आयुष्यभर ‘फोन कापणं वाईट दिसतं’ एवढंच शिकवलं, ती त्या भीतीत तासन्‌तास अडकून पडेल. म्हणून सवय छोट्या फोनपासूनच लागायला हवी.

त्यांना हे शिकवताना “तुम्हाला काही कळत नाही” असं म्हणू नका, एवढी विनंती. शेजारी बसा. तीन छोटी वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा: नको आहे. ओटीपी सांगणार नाही. मुलाशी बोलून मग सांगते. त्याखाली १९३० हा नंबर लिहा. पैसे गेले तर लगेच, मिनिटही न दवडता, तिथे फोन करायचा असतो. आणि पैसे गेलेच तर त्यांच्यावर रागावू नका. रागावणार हे माहीत असलं की माणूस लपवतो, आणि लपवण्यात जो वेळ जातो त्यात पैसे परत मिळण्याची आशाही जाते.

शेवटचं, आपला नंबर कुठे कुठे देतो तेही बघू या. प्रदर्शनातल्या लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर, कपड्यांच्या दुकानात बिल करताना, मॉलच्या दारात. बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू नये, असं ग्राहक मंत्रालयाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. “नंबर देणार नाही, बिल द्या” हेही शांतपणे म्हणता येतं. आपण खातो ते गाळून, निवडून खातो. नंबरही तसाच निवडून द्यावा.

या आठवड्यात प्रत्येकीने एवढंच करा. स्वतःच्या आणि घरातल्या एका मोठ्या माणसाच्या फोनवर डीएनडी सुरू करा, आणि आलेल्या एका तरी फोनची तक्रार नोंदवा. कशी झाली, काय अडचण आली, ते मला नक्की लिहून कळवा.

जय जिनेंद्र!