दोन आठवड्यांचे पाहुणे

नाताळ उलटला की निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत परदेशी पाहुणे येऊ लागतात. कुणी अमेरिकेतले, कुणी कोरियातले. रजा काढून, तिकिटाचे पैसे स्वतः साठवून दोन आठवडे सेवा करायला येतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मला विचारायचं आहे ते त्यांच्या दिवसाबद्दल. तो कोण आखतं, आणि त्यातला कोणता तास कुणाच्या कामी येतो?

पाहुणे उठायच्या कितीतरी आधी पाळकांच्या घरी दिवस सुरू झालेला असतो. पाणी उकळून, गार करून बाटल्यांत भरायचं. वरणाला संकेश्वरी मिरची घालण्याआधी त्यांच्यासाठी अर्धं पातेलं बाजूला काढायचं. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. ते काम बहुधा घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या गळ्यात पडतं. पाळकीणबाई तर दोन आठवडे धड बसलेल्या दिसत नाहीत. परतल्यावर पाहुणे आपापल्या मंडळीत आपली सेवा सांगतात, तेव्हा या बाईंचं नाव त्यात यावं असं मला फार वाटतं.

पहिल्याच संध्याकाळी पाळक सगळ्यांना समोर बसवून सांगतात: पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. तुमच्यात डॉक्टर असतील तर इथल्या परवानगीशिवाय त्यांनी कुणाला तपासायचं नाही. उपासनेला या, गीतं गा, लोकांना भेटा. काहींचे चेहरे उतरतात. मला मात्र ही अट चांगलीच वाटते, कारण त्यामुळे त्यांना इथल्या माणसांच्या हाताखाली काम करावं लागतं. डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टर आपलाच असतो. पाहुणे नावं लिहितात, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीपर्यंत आणतात. मी इंग्रजीचं मराठी करते, माझ्या शेजारची ताई त्याचं कन्नड करते. एक वाक्य पोचायला वेळ लागतो, पण लोक थांबतात.

शाळेची भिंत रंगवण्याचा कार्यक्रम जवळजवळ दरवर्षी असतो. गावातल्या रंगाऱ्याला ते काम दिलं असतं तर त्याची आठवड्याची मजुरी सुटली असती. याहून जास्त त्यावर लिहीत नाही.

लिहायचं आहे ते एका निवृत्त परिचारिकेबद्दल. दुपारी बाकीचे विश्रांती घेत, तेव्हा ही बाई मला घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर जाऊन बसे. तंबाखूच्या वासाने शिंका येत, डोळ्यांतून पाणी येई, तरी उठत नसे. मांडीवर सूप घेऊन एकीनं तिला पान कापायला शिकवलं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते, खराब विड्या बाजूला काढल्या जातात, मान आणि पाठ धरते, लेकीचं लग्न कर्जाशिवाय होत नाही, हे सगळं त्या बोलत गेल्या. ती ऐकत होती. देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं आणि तिनं काही दिलंही नाही. पण त्या ओसरीवरच्या बायका अजून मला विचारतात, 'ती म्हातारी परत कधी येणार?' रंगवलेल्या भिंतीबद्दल मला कुणी विचारलेलं नाही.

या भागाला मिशनरी नवे नाहीत. लंडन मिशनचे जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले. त्या मिशनच्या शाळेत शिकलेले, 1831 मध्ये इथंच जन्मलेले बाबा पदमनजी 1854 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि 1857 मध्ये विधवांच्या हालांवरची त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. पलीकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उघडलं. ते 1889 साली भारतात आले होते आणि 1928 पर्यंत इथं राहिले. इथल्या तरुणांना त्यांनी वैद्यक शिकवलं. जुने मिशनरीही हिवाळ्यात बैलगाडीवर तंबू लादून दौऱ्यावर निघत, एकेका गावात थोडेच दिवस राहत. म्हणजे मुक्काम लहान असणं हा काही दोष नाही. पण त्यांचं ठाणं जवळच असे, मराठी बोलता येई, आणि पुढच्या हिवाळ्यात ते फिरून येऊ शकत. आजच्या पाहुण्यांनी आयुष्य इथं घालवावं असं कोण म्हणेल? शिबिरात ज्या आजींना रक्तदाब निघाला, त्यांची पुढच्या महिन्याची गोळी कोण आणणार, एवढं तरी जाण्याआधी ठरलेलं असावं.

यंदा येऊ पाहणाऱ्या गटाला पाळक पत्र लिहिणार आहेत, आणि मजकूर इंग्रजीत मी करून देणार आहे. तिघं-चौघंच या. एकाच गावात राहा. रंगाचे पैसे आमच्या मंडळीतल्या एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी द्या. दुपारचे तास मोकळे ठेवा. आणि पुढच्या वर्षी जमलं तर तुम्हीच परत या, दुसरे नकोत.