उत्तर येण्यापूर्वीं

परीक्षांचे निकाल लागले कीं घराघरांतून दोन प्रश्न ऐकूं येतात. ‘गुण किती पडले?’ हा पहिला आणि ‘आतां पुढें काय?’ हा दुसरा. पहिल्याची तयारी मुलाकडून दहा वर्षें करवून घेतलेली असते. दुसऱ्याची तयारी कोणींच केलेली नसते. सबब त्याचें उत्तर वडील मंडळींनीं जेवतां जेवतां देऊन टाकावयाचें, असा आपल्याकडील प्रघात आहे. आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नाविषयीं लिहूं इच्छितों. परंतु तिकडे जाणारी वाट साध्या गणितावरूनच जाते.

घरांतील कोणत्याही मुलास हें विचारून पाहावें. तांब्या व फुलपात्र मिळून 550 रुपयांस पडलीं. तांब्या फुलपात्राहून 500 रुपयांनीं महाग. तर फुलपात्राची किंमत काय? बहुतेक मुलें, आणि मोठीं माणसेंही, तत्काळ ‘50’ म्हणून सांगतील. पण 50 धरल्यास तांब्या 550 चा होतो व बेरीज 600 भरते. खरें उत्तर 25. येथें बेरीज-वजाबाकी येत नाहीं असें कोणासच म्हणतां येणार नाहीं. प्रश्न पुरता वाचला नाहीं आणि आलेलें उत्तर ताडून पाहिलें नाहीं, एवढाच काय तो दोष. आणि हा दोष गणिताच्या वहीबाहेरही माणसाची पाठ सोडीत नाहीं.

हंगेरींत जन्मलेले व पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकविणारे गणिती जॉर्ज पोल्या यांनीं 1945 सालीं प्रश्न कसे सोडवावे या विषयावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणें, योजना आखणें, ती तडीस नेणें आणि शेवटीं मागें वळून पाहणें. काढावयाचें काय, दिलेलें काय आणि अट कोणती, एवढें मुलास आपल्या शब्दांत सांगतां येईपर्यंत त्यानें पेन्सिल उचलूं नये, असें आमचें स्वतःचें मत आहे. शिकवणीच्या वर्गांतून नेमकी हीच पायरी गाळली जाते. तेथें प्रश्नाचा ‘प्रकार’ ओळखावयास शिकवितात. आणि प्रकार बदलला कीं हुशार म्हणविणारा विद्यार्थीही खिडकीबाहेर पाहूं लागतो.

ज्यांच्या घरीं मीमांसेचा थोडा जरी वारसा आहे, त्यांस यांत फार नवल वाटूं नये. अधिकरणाचीं विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त व संगति हीं पांच अंगें सांगितलीं आहेत. त्यांत संशयास स्वतंत्र स्थान आहे आणि सिद्धान्तापूर्वीं प्रतिपक्षाचें म्हणणें पुरें मांडण्याचा दंडक आहे, हें ध्यानांत घ्यावें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (1150) विलोमविधि आहे. एका संख्येस 3 नें गुणिलें, त्यांत 6 मिळविले, 4 नें भागिलें, 5 वजा केले, तेव्हां 10 उरले. तर ती संख्या कोणती? मूल पुढून चांचपडत बसतें. शेवटाकडून निघावें, प्रत्येक क्रिया उलटवावी: 15, 60, 54, 18. झालें! आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा 1207 सालचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. नातवानें आजोबांच्या पुस्तकांसाठीं मठ काढावा, हें वाचून आमच्यासारख्या वृद्धांस थोडा हेवा वाटतो.

आतां दुसरा प्रश्न. येथें एकच उत्तर नसतें, ताळाही लागत नाहीं. म्हणून रीत नको असें मात्र नव्हे. 1772 सालीं शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांस एक नोकरी पत्करावी कीं नाहीं असा पेच पडला. त्यांनीं बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला मागितला. फ्रँकलिन यांनीं काय ठरवावें तें सांगितलें नाहीं. कसें ठरवावें तें लिहून धाडिलें. कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. तीन-चार दिवस जसजसें सुचेल तसतसें अनुकूल एका बाजूस, प्रतिकूल दुसऱ्या बाजूस टिपावें. मग समान वजनाचीं कारणें दोहोंकडून खोडीत जावें. एक कारण समोरच्या दोहोंइतकें भारी वाटल्यास तीन्ही खोडावीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं यंदा हा प्रयोग झाला. मुलगी दहावी उत्तीर्ण. तिला तंत्रनिकेतनांत यंत्र अभियांत्रिकीची पदविका घ्यावयाची. घरच्यांचा कल अकरावी विज्ञानाकडे. रेघ तिनेंच ओढली. काकांनीं ‘लोक काय म्हणतील’ हें प्रतिकूल बाजूस लिहावयास सांगितलें. तिनें तें मुकाट्यानें लिहिलें. तिसऱ्या दिवशीं आजींनीं चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलें, “हे लोक फी भरणार आहेत काय?” काकाच हंसले व तें कारण खोडलें गेलें.

सर्वांत जड कारण होतें ‘पदवी हुकेल’ हें. तें खरें आहे कीं नाहीं हें कोणींच पाहिलें नव्हतें. दिलेलें काय आहे तेंच ठाऊक नसतां सर्व घर उत्तर काढावयास बसलें होतें. चौकशी केल्यावर कळलें कीं तीन वर्षांच्या पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो; जागा मर्यादित, गुण चांगले हवेत. तेव्हां ‘पदवी हुकेल’ खोडून तेथें ‘पदविकेंत चांगले गुण मिळवावे लागतील’ असें तिनें आपल्या हातानें लिहिलें, आणि समोर ‘यंत्रांची आवड’ होतीच.

राहिलें आईचें एक कारण: परगांवीं, वसतिगृहांत, सोळाव्या वर्षीं. याचें वजन कोणी करावें? वडिलांनीं तें खोडूं दिलें नाहीं आणि त्यावर जोरही दिला नाहीं. येत्या रविवारीं आईनें मुलीसह जाऊन वसतिगृह स्वतः पाहून यावें, एवढें ठरलें आहे. अर्जाची मुदत त्यानंतर तीन दिवसांनीं संपते.