दोघांनी एकदम लिहिलं आणि पत्ताच पुसला गेला!

२०२५ची नरकचतुर्दशी आठवतेय? २० ऑक्टोबर, सोमवार. फराळ हाणून झाला, फोटो काढून झाले आणि दुपारी सव्वाबारानंतर तुमच्यापैकी अनेकांचं स्नॅपचॅट लटकलं. कॅनव्हा उघडेना, ड्युओलिंगो रुसलं, पर्प्लेक्सिटीही गप्प. घरच्या वायफायला शिव्या घालून झाल्या असतील, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. गडबड अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या (एडब्ल्यूएस) केंद्रात होती. सगळं सुरळीत व्हायला आपल्याकडची मध्यरात्र उलटून गेली.

सायबर हल्ला? नाही. कंपनीने नंतर जे जाहीर केलं ते त्याहून साधं आणि म्हणूनच जास्त काळजीचं आहे. डायनॅमोडीबी हा एडब्ल्यूएसचा डेटाबेस. त्याच्यापर्यंत पोचायचा पत्ता डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत लिहिलेला असतो. तो सारखा बदलावा लागतो. त्यासाठी एक प्रोग्रॅम नवनवे आराखडे बनवतो आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी चालणारे प्रोग्रॅम ते वहीत उतरवतात. एक बंद पडला तरी बाकीचे आहेत, म्हणून तीन.

त्या दिवशी त्यातला एक रेंगाळला. हातातला आराखडा वहीतल्यापेक्षा नवा आहे का, हे त्याने सुरुवातीलाच तपासलं होतं. तेव्हा तो नवा होताही! पण त्याचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने त्याहून कितीतरी ताजा आराखडा वहीत टाकला. मागून हा पोचला आणि मघाच्या तपासणीच्या भरवशावर ताज्या पत्त्यावर जुना पत्ता लिहून मोकळा झाला. इकडे दुसऱ्याने साफसफाई काढली होती : फार जुने आराखडे पुसून टाका. त्याने पुसला तो नेमका हाच, आता वहीत लागू असलेला. पत्त्याची जागा कोरी! यंत्रणेला स्वतःला ते दुरुस्त करता येईना, शेवटी माणसांनी हाताने केलं.

बघा, दोघांपैकी कुणीही आपल्या परीने चुकलं नव्हतं. तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट राहिली आणि त्या फटीत जग बदललं. तुमच्या कॉलेज फेस्टच्या रजिस्ट्रेशन अ‍ॅपमध्ये शेवटची एक जागा दोघांना मिळते, ती याच फटीतून.

डेटाबेसवाल्यांना हे दुखणं कित्येक दशकांपासून माहीत आहे. त्यावरच्या उपायांत एक फार देखणी गोष्ट आहे, ती म्हणजे लॉग. कुठलाही गंभीर डेटाबेस मूळ तक्त्यात बदल कायम करण्याआधी 'मी काय बदलणार' हे एका वहीत लिहितो. ही वही फक्त पुढे वाढते, मागचं खोडत नाही. मधेच लाइट गेली तर उठल्यावर ती वाचून डेटाबेस आपली स्थिती परत उभी करतो. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो, तक्त्याच्या पानावरही शेवटच्या नोंदीचा क्रमांक असतो. त्यामुळे कुठला बदल आधीच झालाय आणि कुठला राहिलाय, याचा अंदाज बांधावा लागत नाही. या पद्धतीची सर्वांत गाजलेली मांडणी म्हणजे १९९२ची 'एरीज'. तिचे प्रमुख लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे, तेव्हा आयबीएममध्ये होते.

आता खरी पंचाईत. वही एक आणि लिहिणारे हजारो. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयने महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. म्हणजे सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास, आणि प्रत्येकाची नोंद पैसे देणाऱ्याच्या बँकेतही हवी, घेणाऱ्याच्याही. प्रत्येकाने अख्खी वही अडवून लिहायचं ठरवलं तर रांग कोल्हापूरपर्यंत जाईल. म्हणून कुलूप अगदी क्षणभरच लावतात : तुझा क्रमांक घे, तुझ्यापुरती जागा राखून ठेव, बाजूला हो. मजकूर मग ज्याने त्याने आपापल्या जागेत भरायचा. क्रम ठरला की भांडण संपलं.

राहिली डिस्क. नोंद डिस्कवर पक्की उतरवणं हे यातलं सर्वांत संथ काम. तिथे डेटाबेस चक्क वडापवाल्यासारखा वागतो. एका प्रवाशासाठी गाडी सोडत नाही. दोन-चार जण आले की सगळ्यांना एकाच फेरीत पोचवतो. याला ग्रुप कमिट म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये तर गाडी किती मायक्रोसेकंद थांबवायची, याचंही सेटिंग आहे.

पण वडाप सुटण्याआधीच 'पोचलो' असा फोन केला तर? तशीही सोय असते. नोंद डिस्कवर उतरायच्या आधीच 'झालं' म्हणून कळवायचं. वेग भन्नाट मिळतो, पण त्याच क्षणी सर्व्हर कोसळला तर शेवटचे काही व्यवहार गायब. रीलवरचे चार लाइक गेले तर कुणी रडत नाही. टपरीवरच्या साउंडबॉक्सने वीस रुपये मिळाल्याचं सांगितलं आणि मागे नोंदच उरली नाही, तर ते वीस रुपये चहावाल्याच्या खिशातून जातात. माझ्या मते पैशाच्या व्यवहारात हे सेटिंग वापरणं म्हणजे शुद्ध बेपर्वाई आहे, मग सर्व्हरचं बिल कितीही वाचो.

आपल्याकडे हा विषय डीबीएमएसच्या पेपरात व्याख्यांपुरता उरतो : एसीआयडी लिहा, चार मार्क घ्या, पुढचा प्रश्न. त्यापेक्षा आज रात्री एक करा. डेटाबेसमध्ये एक आकडा ठेवा, शून्य. एक छोटा प्रोग्रॅम लिहा : आकडा वाच, त्यात एक मिळव, परत लिही; असं हजार वेळा. आता तोच प्रोग्रॅम दोन खिडक्यांत एकदम चालवा. उत्तर २,००० यायला हवं, पण बहुधा कमीच येईल. मग वाचणं-लिहिणं वेगळं न ठेवता 'आहे त्यात एक मिळव' असं एकाच अपडेट आज्ञेत सांगा आणि पुन्हा दोन्ही खिडक्या चालू करा.