शिवी म्हणजे फीडबॅक नाही, आणि टीका म्हणजे टॉक्सिक नाही

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा. पडेगाव, मिटमिटा, छावणी या पट्ट्यातल्या गेम खेळणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, आणि "हा काय पोरखेळ" म्हणून पुढे सरकणाऱ्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा. आपल्या घरातली लेकरं रोज दोन-तीन तास ज्या जागेत बोलतात, भांडतात, भाषा शिकतात, ती जागा म्हणजे गेमची लॉबी आणि त्या गेमचे फॅन ग्रुप. तिथं काय बोललं जातं हा सार्वजनिक प्रश्न आहे.

आधी पुण्याची गोष्ट. पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीने २०२२ साली 'इंडस' नावाच्या बॅटल रॉयल गेमची घोषणा केली. आपल्याकडचा, भारतीय कल्पनेतला भविष्यकाळ दाखवणारा गेम. एक कोटीहून जास्त लोकांनी आधीच नोंदणी केली. गेम सगळ्यांसाठी आला १६ ऑक्टोबर २०२४ ला. म्हणजे घोषणेनंतर जवळपास पावणेतीन वर्षांनी. या काळात कंपनीने काहीही टाकलं, नवीन बंदुकीचं चित्र असो की बीटाची बातमी, खाली रांग ठरलेली: गेम कधी येणार, फसवणूक आहे, कॉपी आहे, आणि मग आईबहिणीवरून.

आता "एवढा उशीर का" हा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. तारीख देता, नोंदणी करून घेता, मग लोक विचारणारच. पण कलादालनातल्या एखाद्या पोराच्या आईवरून शिवी दिल्याने गेम एक दिवस तरी लवकर आला का? उशिराचं कारण कळलं का? नाही. झालं एवढंच की ज्यांनी मुद्द्याचं विचारलं होतं त्यांचे प्रश्न त्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले, आणि उत्तर न द्यायला आयतं कारण मिळालं.

दुसरं उदाहरण फौजीचं. पब्जी मोबाईलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. दोनच दिवसांत अक्षय कुमारने 'फौ-जी'ची घोषणा केली, बनवणारी कंपनी बेंगळुरूची एनकोर गेम्स. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला आणि थोड्याच दिवसांत प्ले स्टोअरवर त्याचं रेटिंग धाडकन खाली आलं. एक स्टार देणाऱ्यांचं एक मोठं म्हणणं होतं, "हा पब्जीसारखा नाही." अरे, पण तो तसा नव्हताच. सुरुवातीला त्यात फक्त एकट्याने खेळायची मोहीम होती, गलवानच्या पार्श्वभूमीवर, बहुतेक हाणामारी हातानेच. यावर खरी टीका करायला भरपूर जागा होती: बंदीच्या तोंडावर एवढा गाजावाजा कशाला केला? देशभक्तीच्या नावावर अर्धवट माल का विकता? लढाई इतकी एकसुरी का? हे प्रश्न विचारणारेही होते. त्यांचा आवाज किती जणांना आठवतो? आठवतात ते मीम.

एक स्टार मारायची ही सवय आपल्याला कुठवर नेते तेही आठवा. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या मालकाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी आली. देशप्रेमी मंडळी चवताळून प्ले स्टोअरवर गेली आणि बऱ्याच जणांनी एक स्टार दिला तो स्नॅपडीलला! नावाची सुरुवात सारखी, एवढाच त्या बिचाऱ्या भारतीय कंपनीचा गुन्हा. झुंडीला पत्ता वाचायला वेळ नसतो.

यावर ग्रुपमध्ये ठरलेलं उत्तर येतं: "भाऊ, गोड बोलून कंपन्या ऐकत नाहीत. शिव्या घातल्या की ऐकतात." हा मुद्दा नीट तपासू, कारण तो अर्धा खरा आहे. कंपन्या गोड बोलून ऐकत नाहीत हे खरं. शिव्यांनी ऐकतात हे खोटं.

२०१७ चा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' घ्या. कंपनी ईए. पूर्ण पैसे देऊन गेम घ्यायचा आणि वर डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला तासन् तास घासायचं, नाहीतर पैसे देऊन पेट्या उघडत बसायचं. एका खेळाडूने बसून हिशेब केला की एक पात्र मिळवायला साधारण ४० तास खेळावं लागेल. कंपनीने रेडिटवर गुळमुळीत उत्तर दिलं, तर त्या एका उत्तराला सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंतीचं मत दिलं. कंपनीने आधी किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि गेम बाजारात यायच्या काही तास आधी पैशांची खरेदी बंदच केली. तिथंही धमक्या देणारे होतेच. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला तो ४० तासांचा हिशेब. आकडा होता, मागणी होती, आणि लोक पाकीट खिशात ठेवायला तयार होते. कंपनी याला घाबरते.

आता याच्या उलट. 'नो मॅन्स स्काय' हा गेम २०१६ मध्ये थोडा लांबणीवर पडला. तो बनवणाऱ्या शॉन मरेला जिवे मारायच्या धमक्या आल्या. बातमी देणाऱ्या पत्रकारालासुद्धा आल्या, म्हणजे पोस्टमनला मारायचं कारण तार वाईट! ऑगस्टमध्ये गेम आला तेव्हा सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. राग योग्यच होता. कंपनी मग बरेच दिवस गप्प बसली, पण काम करत राहिली. फुकट अपडेट देत देत २०१८ मध्ये एकत्र खेळायची खरी सोयसुद्धा आणली. काय काय नाही याची यादी खेळाडूंनी केली होती. दुरुस्तीला उपयोगी पडते ती यादी. धमकीतून दुरुस्त काय करणार?

'सायबरपंक २०७७' चं तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये तारीख पुढे गेली तर धमक्या. डिसेंबरमध्ये घाईत आला तर जुन्या प्लेस्टेशनवर चालेना, आणि सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत दिले. ज्यांनी आधी "आत्ता द्या नाहीतर बघून घेऊ" म्हटलं होतं त्यांनीच नंतर "कच्चा का दिला" म्हणून शिव्या घातल्या.

आता आपल्या गल्लीचं बघा. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं, हे या शहरात कोणाला सांगायला नको. त्यासाठी आपण निवेदन देतो तेव्हा काय लिहितो? कोणती गल्ली, किती दिवसांपासून, कोणता व्हॉल्व्ह, आणि किती दिवसांत काय हवं. खाली सह्या. भाषा कडक असते, मोर्चाचा इशारा असतो, प्रसंगी हंडे घेऊन बाया मनपासमोर बसतात. याला कोणी टॉक्सिक म्हणत नाही. पण लाइनमनच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला शिव्या घातल्या तर पाणी येणार आहे का? ही अक्कल पाण्याच्या बाबतीत आपल्याला आहे. मोबाईल हातात आला की ती जाते कुठं?

आखाड्यातला वस्ताद आठवा. तो काय गोड बोलतो? पण तो सांगतो, "पाय मागं राहतोय, पट निघताना मान वर करू नको." पोरगा घरी जाताना रागावलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी पाय पुढं टाकतो. बांधावर बसून नुसता ओरडणारा प्रेक्षक कोणाला पट शिकवत नाही.

दुसरी बाजू. तीही तेवढ्याच जोरात सांगतो, कारण हल्ली 'टॉक्सिक' हा शब्द तोंड बंद करायचं कुलूप झालाय. हॅकर वाढले म्हणा, लगेच टॉक्सिक. क्रेटमध्ये पैसे घालून काहीच निघत नाही म्हणा, हेटर. एखाद्या मोठ्या स्ट्रीमरला विचारा की बाबा, जाहिरात आहे हे आधी का नाही सांगितलं, तर त्याचे हजार भक्त तुमच्या प्रोफाइलवर चालून येतात, आणि वर म्हणतात, "भाऊला निगेटिव्हिटी आवडत नाही." म्हणजे झुंड पाठवणारा सोज्वळ आणि प्रश्न विचारणारा विषारी! हे चालणार नाही. जो माणूस गेममध्ये पैसे घालतो, वेळ घालतो, त्याला चिडायचा हक्क आहे. "हा गेम मला भिकार वाटला, कारण असं" हे वाक्य पूर्ण सभ्य आहे. टीका कडू असली म्हणून विष होत नाही. ती कामावर आहे की माणसावर, एवढंच बघायचं.

आणि माणसावर जाताना आपण जातो कुठं? यावर कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. लॉबीत समोरच्याचं नाव वाचलं की आधी त्याचा धर्म निघतो, मग जात, मग गाव. आपल्या शहराचं नाव कोणी काय घेतं यावरून मॅच सुरू व्हायच्या आत दोन टोळ्या पडतात. मुलीचा आवाज आला की काय चालतं ते लिहिण्यासारखं नाही. माझ्या ओळखीतल्या मुली माइक बंद ठेवूनच खेळतात. काहींनी नावसुद्धा मुलाचं ठेवलंय. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातले सात गेमर भेटीला बोलावले होते, त्यात आपला मिथिलेश पाटणकरही होता. सातांत मुलगी एकच, पायल धारे. मुलींना गेम कळत नाही म्हणून असं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक संध्याकाळ बहिणीच्या आवाजात माइक सुरू ठेवून बघावा.

"गेममध्ये चालतंच" म्हणणाऱ्यांना एक कोरडी माहिती: धमकी ही मोबाईलवरून दिली तरी धमकीच असते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ त्यासाठीच आहे, आणि बाईची अप्रतिष्ठा करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९. आयडी खोटा असला तरी सिम कोणाच्या नावावर आहे ते पोलिसांना काढता येतं. बहुतेक वेळा ते बापाच्या नावावर असतं.

यात आपलं काय जातं? बरंच जातं. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा गेम केला, आपल्या पुराणकथांवरचा, एका मुलीचा. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी २०२० मध्ये गेम आला आणि जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पदार्पणाच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. समीक्षकांनी कौतुक केलं आणि कानही धरले: लढाई अडखळते, शेवट अचानक होतो. २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली, हालचाली सुधारून आणि हिंदी आवाजासह. टीका अशी कामाला येते.

उद्या पडेगावातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला गेम करावासा वाटला, वेरूळच्या लेण्यांत किंवा देवगिरीच्या अंधारीत घडणारा, तर पहिला तुकडा तो कुठं दाखवणार? आपल्याच ग्रुपवर. तिथं पहिल्या दहा उत्तरांत "फालतू", "कॉपी" आणि शिवी आली तर तो दुसरा तुकडा करणार नाही. नुसतं "भाऊ एक नंबर, आग लावली" आलं तरी तो पुढे जाणार नाही, हेही लक्षात ठेवा. खोट्या कौतुकाने पण माणूस तिथंच राहतो.

म्हणून ग्रुप अॅडमिन मंडळींना जाहीर विनंती. तीन नियम लावा.

एक, तक्रार करताना चार गोष्टी लिहायच्या: कोणता फोन, गेमची कोणती आवृत्ती, नेमकं कधी काय होतं, आणि तुम्हाला काय बदल हवा. हॅकर असेल तर व्हिडिओ जोडा आणि गेममधूनच रिपोर्ट करा. "गेम कचरा आहे" याने कोणाचा बग सुटत नाही.

दोन, काम, किंमत, जाहिरात, धोरण यावर कितीही कडक बोला, पोस्ट उडवायची नाही. कंपनीची असो की मोठ्या स्ट्रीमरची, कोणाचीच भीड नको.

तीन, आई-बहीण, जात, धर्म, रंग आणि धमकी यावर एक ताकीद, नंतर बाहेर. अॅडमिनचा जिगरी दोस्त असला तरी बाहेर. हा नियम दोस्तावर लावला नाही तर पहिले दोन नुसते भिंतीवर लिहिलेले राहतील.

आणि खेळणाऱ्यांना एवढंच: खरा राग आलाच असेल तर पैसे घालणं बंद करा. महिनाभर एकही क्रेट उघडू नका आणि का उघडत नाही ते लिहा. शंभर शिव्यांपेक्षा ते कंपनीला जास्त लागेल.

या पोस्टवर टीका करायची असेल तर जरूर करा, कुठला मुद्दा पटला नाही ते सांगा, मी उत्तर देईन. शिवी दिलीत तर काढून टाकीन, आणि ती टॉक्सिक होती म्हणूनच काढली असं समजा, पटली नाही म्हणून नव्हे.

पटलं तर तुमच्या ग्रुपवर टाका.