इमाम बदलतो, नमाज मोडत नाही

माझे विषय उर्दू आणि मराठी. पण शाळेत कुणी शिक्षक रजेवर असले की समोर येईल तो तास घ्यावा लागतो. तसा मागच्या महिन्यात दहावीला राज्यशास्त्र शिकवायला उभा राहिलो. राष्ट्रपतींवरचा महाभियोग सांगून झाला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, राष्ट्रपतींना काढायची रीत समजली. पंतप्रधानांना काढायची कुठंय?"

मी म्हटलं, "अविश्वास ठराव."

"तो अख्ख्या सरकारवर असतो ना? एकटा माणूसच नालायक निघाला तर?"

वर्ग हसला, मीही हसलो, आणि तेवढ्यात घंटा झाली. खोपोलीहून लोकल पकडून कर्जतला उतरेपर्यंत मात्र माझं हसू ओसरलं होतं. पोरीचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर अर्धवट होतं. राहिलेलं अर्धं उत्तर आज इथं लिहितो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. राष्ट्रपतींसाठी कलम ६१ आहे: एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची नोटीस, चौदा दिवसांची मुदत, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत. ज्यांच्या हाती कारभार नाही त्यांना काढण्याचा एवढा तपशील घटनेत आहे. ज्यांच्या हाती सगळा कारभार असतो त्या पंतप्रधानांसाठी असं स्वतंत्र कलमच नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, एवढंच कलम ७५ सांगतं. माणसाची अक्कल ठिकाणावर नसेल तर काय, याचं उत्तर कलम १०२ मध्ये सापडतं; तेही पंतप्रधानाबद्दल नाही, खासदाराबद्दल आहे. सक्षम न्यायालयानं त्याला वेडा ठरवलं तर खासदारकी जाते. म्हणजे वेड लागलं तर सोय आहे. पण शहाणपण सुटलं, खोटं बोलायची सवय जडली, सूड हाच कारभार झाला, तर सोय नाही.

कागदावर पाहिलं तर पंतप्रधान काढणं सोपंच आहे. पन्नास सदस्य उभे राहिले की अविश्वास ठराव दाखल होतो. कारण सिद्ध करावं लागत नाही, साधं बहुमत पुरतं. पण इतिहास पाहा. अविश्वास ठरावानं आजवर एकही पंतप्रधान गेलेला नाही. विश्वासमत हरून तिघे गेले: १९९० मध्ये व्ही. पी. सिंग, १९९७ मध्ये देवेगौडा आणि १९९९ मध्ये वाजपेयी. वाजपेयी तर २६९ विरुद्ध २७०, अशा एका मतानं गेले. तिघेही दुसऱ्यांच्या टेकूवर उभे होते आणि टेकू निघाला म्हणून पडले. ज्याच्या स्वतःच्या पक्षाचं बहुमत आहे असा एकही पंतप्रधान लोकसभेत मत हरलेला नाही. म्हणजे आपल्याकडे कमकुवत नेता जातो आणि नालायक पण बळकट नेता राहतो. खरी भीती दुसऱ्याचीच असते, आणि दार त्याच्यासाठीच बंद आहे.

आता आपल्या घरात डोकावू. मशिदीत इमामाच्या मागे आपण उभे राहतो. तो वाकला की वाकतो, उठला की उठतो. एवढी आज्ञाधारक जमात दुसरीकडे सापडायची नाही. तरीही इमाम किरातीत चुकला तर मागचा माणूस लुकमा देतो, म्हणजे चुकलेली आयत तिथल्या तिथे बरोबर करून सांगतो. दुसरी काही चूक झाली तर "सुब्हानअल्लाह" म्हणून सावध करतो. आणि इमामाचाच वुजू तुटला तर? तो मुसल्ल्यावरून बाजूला होतो, पहिल्या रांगेतला कुणीतरी पुढे येतो, आणि नमाज थांबली होती तिथून पुढे चालू होते. त्यानं इमामाचा अपमान झाला, जमात फुटली, इस्लाम धोक्यात आला, असं कुणी म्हणत नाही. वुजू तुटलेला असताना मुसल्ल्यावर अडून राहणाऱ्यालाच आपण दोष देऊ.

हजरत अबू बक्र (रजि.) खलिफा झाले तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी लोकांना सांगितलं, की मी नीट चाललो तर मदत करा, चुकलो तर मला सरळ करा. अकराव्या शतकातल्या अल्-मावर्दी यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात इमामाचं पद कशानं जातं याची चर्चाच केली आहे. न्यायबुद्धी गेली तर, आणि शरीर किंवा अक्कल निकामी झाली तर. पुढच्या काळातल्या बऱ्याच उलेमांनी मात्र जालीम सुलतान परवडला पण फितना नको, अशी भूमिका घेतली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यांच्या काळी सुलतान हटवायचा म्हणजे तलवारच उपसावी लागे. शांततेचं दार नव्हतं म्हणून ते गप्प बसा म्हणाले. आपल्याकडे मतपेटी आहे. तिच्या काळात तलवारीच्या काळातला सल्ला देत राहणं ही सोय झाली, शहाणपण नव्हे.

इथं मी आजच्या पंतप्रधानांचं नाव घेतलं तर निम्मे वाचक टाळ्या वाजवतील आणि निम्मे पान मिटतील. दोघांचाही विचार तिथंच थांबेल. म्हणून आधी आपल्या माणसाचं नाव घेतो: बॅरिस्टर अंतुले. रायगडचे, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. जून १९८० मध्ये खुर्चीवर बसले. संजय गांधी निराधार योजना त्यांची; तिच्या पैशावर आजही कितीतरी म्हाताऱ्या बाया मीठ-मिरची आणतात. कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळालं तेही त्यांच्याच काळात. फाईल त्यांच्या टेबलावर पडून राहत नसे, असं जुने लोक अजून सांगतात. मोठा माणूस होता, यात वाद नाही.

पण इंदिराजींच्या नावाच्या प्रतिष्ठानाला देण्या मिळत होत्या आणि त्या देणाऱ्यांना टंचाईच्या काळात सिमेंट मिळत होतं. यांचा एकमेकांशी संबंध आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं रखडला. तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये चुकीचा ठरवला. अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले.

आपल्या बैठकांत आजही ऐकू येतं, "मुसलमान होता म्हणून काढला." काहींना तो मुसलमान असल्यामुळेच जास्त आनंद झाला असेल, मी नाकारत नाही. पण कोण हसलं यावरून सिमेंटचा हिशेब बदलत नाही. आपला माणूस आहे म्हणून आपण डोळे मिटले, तर दुसऱ्यानं त्याच्या माणसासाठी डोळे मिटले की आपण कुठल्या तोंडानं बोलणार?

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. अंतुल्यांना हटवलं कुणी? कोर्टानं सांगितलं आणि दिल्लीनं मान डोलावली. मग दिल्लीनंच बाबासाहेब भोसले पाठवले. विधानसभेतले त्यांच्याच पक्षाचे आमदार, म्हणजे पहिली रांग, या सगळ्यात कुठे होते? ना त्यांनी वेळेवर लुकमा दिला, ना नवा इमाम त्यांनी निवडला.

लुकमा देणारा माणूसही याच जिल्ह्यानं दिला होता. महाड तालुक्यातल्या नाते गावचे मोहन धारिया इंदिराजींच्या मंत्रिमंडळात होते. जयप्रकाशांशी बोला, असं ते सांगत राहिले म्हणून मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिराजींची निवडणूक रद्द केली. वुजू तुटल्याचं न्यायालयानंच सांगितलं होतं. पक्षात दुसरा नेता निवडता आला असता. बहुमत काँग्रेसचंच होतं, सरकार काँग्रेसचंच राहिलं असतं. पण पक्षाध्यक्ष देवकांत बरुआ इंदिरा म्हणजेच इंडिया असं म्हणण्यात गुंतले होते. २५ जूनला आणीबाणी आली. चंद्रशेखर आणि धारिया हे सत्ताधारी पक्षाचे खासदार तुरुंगात गेले. पहिल्या रांगेनं इमाम बदलला नाही, त्याची किंमत सगळ्या जमातीनं एकवीस महिने मोजली.

आणि आता? आता तर रांगेचं तोंड कायद्यानंच बांधलं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं पक्षादेश मोडून मत दिलं की सदस्यत्व धोक्यात येतं. आयाराम-गयाराम थांबवायला हा कायदा आला. त्यानं पक्ष बदलणं थांबलं नाही, पक्षात राहून नेत्याला नाही म्हणणं तेवढं थांबलं.

त्याचा पुरावा कर्जत-खालापूरकरांना बाहेर शोधायला नको. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असे फिरून आले. आपले आमदार महेंद्र थोरवे त्यांतच होते. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मतदानाला सामोरं न जाता राजीनामा दिला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की बहुमत सिद्ध करायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता, पण ठाकरे यांनी आपणहून राजीनामा दिल्यामुळे त्यांना पुन्हा बसवता येत नाही. थोरवे २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले. तो मतदारांचा हक्क आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझा प्रश्न एवढाच: मुख्यमंत्री लायक होता की नालायक, यावर त्या दहा दिवसांत सभागृहात एक तरी तास चर्चा झाली का? नाही. झाडी आणि डोंगरांची चर्चा झाली. नेता बदलायचा होता म्हणून पक्षच फोडावा लागला. इमाम बदलायला जमात मोडली.

त्याच वेळी ब्रिटनमध्ये काय चाललं होतं? बोरिस जॉन्सन यांच्याच मंत्र्यांनी भराभर राजीनामे दिले आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जागी आलेल्या लिझ ट्रस दीड महिन्यात गेल्या. हुजूर पक्षाचं हसं झालं, कबूल. पण पक्ष तोच राहिला, बहुमत तेच राहिलं, कुणाला रातोरात दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात न्यावं लागलं नाही. कारण तिथं पक्षाच्या खासदारांना आपल्या नेत्यावर गुप्त मतदान करता येतं.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणून भलतंच समोर आलं आहे. २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलेलं १३० वं घटनादुरुस्ती विधेयक म्हणतं, की पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला मंत्री, मुख्यमंत्री, अगदी पंतप्रधानही एकतिसाव्या दिवशी पद सोडेल. ऐकायला छान वाटतं. पण पंतप्रधानाला अटक करणार कोण? त्याच्याच सरकारच्या हाताखालची यंत्रणा? विरोधी पक्षाचा मुख्यमंत्री मात्र त्याच यंत्रणेच्या हातात सहज सापडेल. शिवाय अटक म्हणजे गुन्हा नव्हे, हे मुसलमानांना वेगळं शिकवावं लागत नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या आपल्या तरुणांनी पाच वर्षं तुरुंगात काढली, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. इमामाचा वुजू तुटला की नाही हे मागची जमात ठरवील. पोलीस ठाण्यातला अंमलदार नाही.

माझी मागणी साधी आहे. संसदीय पक्षाच्या ठरावीक खासदारांनी लेखी मागणी केली की नेत्यावर पक्षांतर्गत गुप्त मतदान झालंच पाहिजे, आणि त्यात मत दिल्याबद्दल कुणाची खासदारकी किंवा उमेदवारी जाता कामा नये, असा कायदा करा. आमदारांसाठीही तोच. कुणी म्हणेल, यानं अस्थिरता येईल. अस्थिरता दार बंद असल्यानं येते. ज्याला दारातून जाता येत नाही तो भिंत फोडतो. कुणी म्हणेल, लोकांनी निवडलेल्याला मूठभरांनी का काढावं? लोकांनी खासदार निवडले आणि खासदारांनी नेता निवडला. ज्यांनी निवडला त्यांना तो बदलता यावा, यात चोरी कसली? अहो, आपल्या गावच्या थेट निवडलेल्या सरपंचालाही काढता येतं. तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदान. सरपंचाला जे चालतं ते पंतप्रधानाला का चालू नये?

आणि एक कुजबुज मला आत्ताच ऐकू येते: "सर, आपण मुसलमान, आपण हे कशाला बोलायचं? देशद्रोही म्हणतील." म्हणू देत. पद देशाचं आहे, माणूस त्यावर तात्पुरता आहे. पदाची काळजी करणारा द्रोही कसा? पण हे बोलायचा हक्क आपण घरातही कमवायला हवा. वीस-वीस वर्षं हिशेब न दाखवता बसलेले मशिदीचे, मदरशाचे, जमातीचे अध्यक्ष आपल्याकडे आहेत. त्यांच्यासमोर तोंड न उघडणाऱ्यानं दिल्लीवर भाषण देऊ नये.

पुढच्या आठवड्यात मी त्या वर्गावर पुन्हा जाणार आहे, कुणी रजेवर असो वा नसो. त्या मुलीला सांगायचं आहे, की बेटा, मी दिलेलं उत्तर पुस्तकातलं होतं, आणि तुझा प्रश्न त्या पुस्तकाच्या पुढचा होता. एकट्या माणसाला काढायची रीत अजून लिहिलेली नाही. ती पहिल्या रांगेतल्यांनी लिहायची असते, आणि ते लिहीत नसतील तर त्यांना तिथं उभं करणाऱ्यांनी मागून लुकमा द्यायचा असतो. तीन वर्षांनी तूही मतदार होशील. तेव्हा गप्प बसू नकोस.