न पिणारा म्हणजे लहान मूल नव्हे!

परवा ऑफिसच्या पार्टीत 'मी पीत नाही' म्हटलं, तर वेटरने न विचारताच लालभडक शर्ली टेंपल आणून ठेवलं. वर चेरी! टीमला हसायला विषय मिळाला.

हॉलिवूडच्या बालतारकेच्या नावाचं हे पेय १९३० च्या दशकातलं. ते आधी कुणी केलं? ब्राउन डर्बी, चेसन्स आणि होनोलुलूचं रॉयल हवाईयन, तिघांचाही दावा. जिंजर एल, ग्रेनाडीन, चेरी, झालं. जिंजर एलऐवजी कोला घातला की रॉय रॉजर्स. गंमत म्हणजे खुद्द शर्लीबाईंना ते अतिगोड पेय अजिबात आवडायचं नाही. १९८६ साली रेडिओवर त्यांनी तसं सांगूनही टाकलं.

मग ते माझ्या गळ्यात का? ग्रेनाडीन म्हणजे मुळात डाळिंबाचं सरबत. हल्ली बाटलीत बहुतेकदा नुसती साखर आणि रंग. सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मिळालंय, आणि आपण लाल पाक पितोय! बिल मात्र मोठ्या माणसाचं.

पुढच्या वेळी डाळिंबाचा रस, आलं, लिंबू आणि सोडा मागा, राव. नाही म्हणाले तर सरळ पाणी प्या.