फीत कुठे लावायची?

वनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जंगलात नेलं की आधी झाडाला फीत लावायला शिकवतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर ती दोन झाडं धरायची. खोडावर वेल चढली असेल तर ती सोडवून मग फीत गुंडाळायची. बारीकसारीक वाटणारे हे नियम चुकले, की कागदावर उतरणारं सगळं जंगलच चुकतं.

हवामान बदलाच्या धोरणात जंगलाचं स्थान काय, हाही विषय आता याच विद्यार्थ्यांना शिकावा लागतो. पण तिथे बहुधा फीत खाली ठेवलेली असते. क्योटो, बाली, वॉर्सा, पॅरिस असे करार सालवार पाठ होतात, परीक्षेत लिहिले जातात आणि मुलगा रेंजर होऊन बाहेर पडतो. पुढची तीस वर्षं त्याच्या बीटावरून जे आकडे वर जातील, त्यांची बेरीज देशाच्या नावाने जगापुढे ठेवली जाईल. मोजणी कुठून धरली, हा झाडापाशी शिकलेला प्रश्न त्याने करारालाही विचारला पाहिजे. तो विचारायला शिकवण्याची सोय आपल्या इंदुरातच आहे, आणि सुरुवात तुकोगंजातूनही करता येईल.

दक्षिण तुकोगंजात नाथ मंदिराच्या बाजूने चालत जावं, एखादा जुना कडुनिंब निवडावा आणि मुलांना त्याचा घेर घ्यायला लावावा. समजा, घेर आणि उंचीवरून सूत्राने झाडाचं कोरडं वजन दोन टन निघालं. लाकडात कार्बन साधारण ४७ टक्के धरतात, म्हणजे ९४० किलो. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत बोलायचं तर त्याला ४४ भागिले १२ ने गुणायचं, कारण रेणूचं वजन ४४ आणि त्यातल्या कार्बनचं १२. उत्तर येतं सुमारे ३.४ टन. जवळपास दीड हजार लिटर पेट्रोल जाळलं तरी एवढाच वायू हवेत जातो. एका मोटारीची एक-दोन वर्षांची धाव आणि एका निंबाचं सगळं आयुष्य, असा हा हिशेब आहे.

इथे मुलांना थांबवून विचारावं, हे ३.४ टन या झाडाने यंदा ओढून घेतले का? नाही. ते कित्येक दशकांत साठले. यंदाची भर किती, ते गेल्या वर्षीचा घेर कुणी लिहून ठेवला असेल तरच सांगता येईल. साठा वेगळा, भर वेगळी. धोरणावरच्या अर्ध्या चर्चा या दोहोंची सरमिसळ करून चाललेल्या असतात. आणि उद्या रस्ता रुंद करताना हा निंब तोडून जळणात गेला, तर दशकांचा साठा काही दिवसांत पुन्हा हवेत. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२० मध्ये देशाची जंगलं, झाडं आणि इतर जमीन यांनी मिळून ५२.२ कोटी टन वायू शोषला. देशातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या तो सुमारे २२ टक्के होता. आकडा मोठा आहे, जंगलाचा मान राखणारा आहे. पण उरलेले ७८ टक्के जंगलावर ढकलता येत नाहीत, हेही वनशास्त्राच्या वर्गातच सांगितलं गेलं पाहिजे. दुसरीकडे ते कुणी इतक्या अधिकाराने सांगणार नाही.

आता साल. २०१५ मध्ये भारताने वचन दिलं की २०३० पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून २५० ते ३०० कोटी टनांचा जादा साठा उभा करू. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशाच्या वन अहवालात यातले २२९ कोटी टन साधले असल्याचं नोंदलं आहे. वाचून आनंद होतो. पण जादा म्हणजे कशाहून जादा? २००५ च्या साठ्याहून. वचन दिलं तेव्हा त्या मोजणीची दहा वर्षं आधीच सरली होती. यात लपवाछपवी नाही. अहवालात ते सरळ लिहिलेलं आहे, आणि प्रत्येक देश आपल्याला सोयीचं साल निवडतो. युरोप १९९० धरतो, अमेरिकेने २००५ धरलं. मुलाने एवढंच शिकावं की आकडा ऐकला की आधी साल विचारायचं. त्याच अहवालात जंगल आणि झाडं मिळून सर्वाधिक क्षेत्र असलेलं राज्य म्हणून मध्य प्रदेशाचं नाव आहे, ८५,७२४ चौरस किलोमीटर. मागच्या अहवालाच्या तुलनेत सर्वाधिक घट झालेलं राज्यही मध्य प्रदेशच आहे, ६१२ चौरस किलोमीटर. भाषणांत पहिला आकडा येतो. वर्गात दुसराही फळ्यावर लिहिला जावा, आणि ही घट कोणत्या जिल्ह्यात, कशामुळे, याचा शोध घेणं हा सत्राचा गृहपाठ असावा.

त्याहून अवघड प्रश्न, जंगल म्हणायचं कशाला? वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठा तुकडा आणि त्यावर दहा टक्क्यांहून अधिक झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, कायद्यात नोंद काय, याला तिथे महत्त्व नाही. म्हणून आमराईही त्यात बसते, निलगिरीची लागवडही बसते आणि चोरलच्या डोंगरातलं सागाचं रानही बसतं. क्योटो कराराने तर प्रत्येक देशाला छत्राची अट १० ते ३० टक्क्यांत आणि क्षेत्राची अट ०.०५ ते एक हेक्टरात हवी तिथे ठेवायची मुभा दिली होती. शब्द एक, आणि माप हवं तसं.

हे शिकवायला हुकुमचंद मिलपाशी जावं. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांनी आपल्या हक्काच्या पैशांसाठी तीन दशकांहून अधिक वाट पाहिली. अनेक जण वाट पाहतच गेले. त्या बेचाळीस एकरांवर, म्हणजे सुमारे सतरा हेक्टरांवर, या काळात आपोआप रान उगवलं. कुणी खड्डे खणले नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. पुढे त्या जागेच्या विकासाची योजना आली, तेव्हा ती झाडं राहावीत म्हणून शहरातली माणसं उभी राहिली. विद्यार्थ्याला विचारा, हे जंगल आहे का? क्षेत्र पुरेसं आहे, छत्र मोजून सांग. सरकारी दप्तरात ती गिरणीची जमीन. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला सांगितलं होतं की वन संरक्षणाच्या कायद्यासाठी जंगल म्हणजे शब्दकोशात जो अर्थ आहे ते, मालकी कुणाचीही असो. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा आखडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त जुनाच अर्थ पाळायला लावला. हे सगळं पुस्तकात एका पानात संपतं. मिलच्या भिंतीपाशी उभं राहून त्यावर दोन तास वाद घालता येईल, आणि तो वाद मुलं विसरणार नाहीत.

फीत जिथे पोचतच नाही, अशीही एक जागा आहे. जंगलाचा कार्बन पाच ठिकाणी मोजतात: खोड-फांद्या, मुळं, पडलेलं लाकूड, पाचोळा आणि माती. भारतीय जंगलांत यातला निम्म्याहून अधिक एकट्या मातीत आहे. आणि मातीचं म्हणाल, तर जगातल्या शेतीच्या पुस्तकांत इंदूरचं नाव त्याचसाठी लिहिलं आहे. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इथे वनस्पतीविषयक संशोधन संस्था उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख आणि यशवंत वाड तिथले रसायनशास्त्रज्ञ. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख थरांनी रचायची, ठरावीक दिवसांनी उलटायची आणि तीन महिन्यांत काळंभोर खत काढायचं, ही रीत त्यांनी बसवली. जगाने तिला इंदूर पद्धत म्हटलं. १९३१ मधल्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. लोकांच्या लक्षात मात्र हॉवर्ड राहिले. वाडांचं नाव आपल्या मराठी घरांतही फारसं निघत नाही, याची मला खंत वाटते. हॉवर्डनी पुढे लिहिताना जंगलालाच आदर्श मानलं: तिथे पाचोळा पडतो, कुजतो, माती स्वतःचं खत स्वतः करते आणि कुणालाही बाहेरून काही आणावं लागत नाही.

हवामानाच्या भाषेत हा कुजलेला पाचोळा, म्हणजे ह्यूमस, हाच मातीतला कार्बन. ज्या गावात ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली, तिथल्या मुलाला जंगलाचा कार्बन शिकवताना फक्त खोडं मोजायला लावणं म्हणजे अर्ध्याहून जास्त हिशेब सोडून देणं. त्याने गिरमिट घेऊन मातीचा नमुना काढावा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि ती आग रानात पसरते; अशा जळलेल्या जागेची माती आणि जाळरेषेपलीकडच्या न जळलेल्या जागेची माती शेजारी ठेवून पाहावी. फुलं वेचणाऱ्या बाईशीही बोलावं. पाचोळा झाडून ढीग करायला किती वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी तिला कोण देणार, हा हवामान धोरणाचाच प्रश्न आहे.

रेवती टेकडीचं नाव न घेता इंदुरात या विषयावर बोलता येणार नाही. १४ जुलै २०२४ ला तिथे चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपं लावली गेली आणि तो जागतिक विक्रम ठरला. हजारो माणसं आली, चिखलात उभी राहिली, आपल्या हातांनी रोप लावून गेली. त्या भावनेला मी कमी लेखत नाही. शहराने झाडासाठी एक दिवस दिला, हे मोलाचंच आहे. पण विक्रम चोवीस तासांचा असतो आणि कार्बन जगलेल्या वर्षांचा. रोपवनात तिसऱ्या वर्षी जिवंत किती, पाचव्या वर्षी किती, कोणत्या जाती तगल्या, कुठे मर झाली, कुठे दाटी झाल्याने विरळणी लागेल, हे सांगणारी नोंदच धोरणाच्या उपयोगाची. ती ठेवायला वनशास्त्राच्या मुलांहून योग्य कोण? त्यांना दरवर्षी तिथे पाठवावं आणि जे दिसेल ते जसंच्या तसं लिहू द्यावं. आकडा कमी आला तर शिक्षकाने तो खोडू नये, आणि वरून कुणी फोन केला तरी बदलू नये.

शेवटचा प्रश्न मालकीचा. २००७ मध्ये बालीच्या परिषदेत जंगलतोड थांबवणाऱ्या देशांना मोबदला देण्याची, म्हणजे ‘रेड’ची, कल्पना पुढे सरकली, तेव्हा भारताचा आग्रह होता की तोड थांबवणाऱ्यांना मिळणार असेल, तर ज्यांनी आधीपासून जंगल राखलं आणि वाढवलं त्यांनाही मिळालं पाहिजे. आग्रह रास्त होता, आणि रेडच्या नावापुढे जो अधिकचा हिशेब जोडला गेला त्यामागे तोच आहे. मग गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहा. त्या गोंड गावाने आपलं रान राखलं, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही आपल्याच रानातला बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. केंद्रीय मंत्र्यांना स्वतः गावात यावं लागलं. देशाने जगापुढे जे मागितलं, तेच हे गाव देशापुढे मागत होतं. हे उदाहरण शिकवल्याशिवाय बालीचा धडा पुरा होत नाही, असं मला वाटतं. आपल्या झाबुआच्या भिल्लांची हलमाची रीतही तिथेच यावी: साद घातली की घरटी माणूस विनामोबदला येतो आणि हाथीपावाच्या टेकडीवर पाणी अडवायला चर खणतो. अशा श्रमाची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे आजच्या कोणत्याही कार्बनच्या तक्त्यात सापडत नाही. वर्गात बसलेल्यांपैकी कुणीतरी तो रकाना आखावा.

यासाठी नवा विभाग नको, इमारत नको. शहराला लागूनच रालामंडल आहे. होळकरांच्या शिकारखान्याचा डोंगर १९८९ मध्ये अभयारण्य झाला. वन विभागाच्या परवानगीने तिथे एक हेक्टराचा तुकडा आखून घ्यावा, प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि फीत जिथे लागते तिथे रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे दरवर्षी मोजणाऱ्याचा हात त्याच जागी जाईल. पावसाळा संपला की प्रत्येक तुकडीने तीच झाडं मोजावीत आणि वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. कायम नमुना-क्षेत्राची ही रीत आपल्या वनविद्येत जुनीच आहे. वहीत क्रमांक, जात, घेर, उंची यांचे रकाने असतातच. त्यांच्या शेजारी एक रुंद रकाना मोकळा सोडावा. जे झाड पुढच्या वर्षी तिथे नसेल, त्याच्या क्रमांकापुढे तारीख लिहावी, आणि ते वाळलं, जळलं, वाऱ्याने पडलं की कुणी तोडलं, तेही लिहावं. खाली मोजणाऱ्याने सही करावी.